गोमुखापासून माघारी

जहाजावरच्या आमच्या खोलीत दोन पलंगांच्या मध्ये एवढीच जागा होती की एकीनं कूस बदलली तर दुसरीच्या अंगावरची चादर हलावी. अशा खोलीत माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "मला शिवू नको."

मला पाळी आली होती. मी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्यापासून काही लपत नाही. आमच्या घरी, संभाजीनगरात मयूर पार्कला, त्या दिवसांत मी निदान दुसऱ्या खोलीत निजते आणि स्वयंपाक तेवढा करत नाही. बाकी त्या डोळेझाक करतात. पण इथं समुद्राच्या मधोमध दुसरी खोली कुठून आणायची? रात्रभर त्या पाय पोटाशी घेऊन भिंतीला चिकटून झोपल्या. सकाळी मी उठून खुर्चीवर बसले, तर मी तिथून उठल्याबरोबर त्यांनी त्या खुर्चीवर पैठणहून आणलेलं गोदावरीचं पाणी शिंपडलं. आणि तेही माझ्यादेखत.

आता हे जहाज आमच्या वाट्याला कसं आलं ते सांगते. जाधववाडीला आमचं ठिबकच्या नळ्यांचं आणि मोटारींचं दुकान आहे. माल चांगला खपला की कंपनी दुकानदारांना कुठंतरी फिरवून आणते. यंदा समुद्र निघाला. चेन्नईहून निघायचं, श्रीलंकेतल्या एका बारक्या बंदरावर दिवसभर उतरायचं आणि परत यायचं. बंदराचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. जायचं जोडीनं होतं, पण आमचे हे, बद्रीनाथ, मोटारी विकतात आणि विहिरीत वाकून बघत नाहीत. पाण्याची एवढी धास्ती. म्हणाले, "तू आईला घेऊन जा, तिनं तरी समुद्र पाहावा." आईला कोणी विचारलं नाही आणि मलाही नाही.

तर त्या सकाळी खुर्चीवर पाणी पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आत्याबाई, आज उतरलो की तुम्हाला तिथंच सोडून येते. मग कळंल शिवाशिव."

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, आणि रागावल्यावरही आत्याबाईच म्हणतात. पण खोलीचं दार उघडं होतं. बाहेर समर्थनगरच्या यमुनाबाई उभ्या होत्या. त्यांच्या यजमानांची, मधुसूदनरावांची, शहरात याच कंपनीची एजन्सी आहे. यमुनाबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "चला, नाश्त्याला उशीर होतोय." त्यांच्या त्या हसण्याचा अर्थ मला दुपारी कळला.

एरवी आत्याबाई एका शब्दाला चार शब्द देतात. त्या दिवशी त्यांनी नुसता कंबरेचा बटवा तपासला, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या मागं चालू लागल्या. जहाजवाल्यांनी प्रत्येकाला गळ्यात अडकवायला एक कार्ड दिलं होतं. त्यावर नाव, फोटो, खोलीचा नंबर. ते दाखवल्याशिवाय परत चढू देत नाहीत. आत्याबाईंनी ते पहिल्याच दिवशी काढून बटव्यात कोंबलं होतं. "गळ्यात पट्टा कुत्र्याला बांधत्यात," असं त्यांचं म्हणणं.

बंदरावर उतरलो, तर बस तयार होती. आमच्या टोळीचा व्यवस्थापक मिहिर म्हणून एक मुंबईचा माणूस होता. भला, पण सदा घाईत. त्यानं बसमध्ये सांगितलं, "आधी टेकडीवरचं महादेवाचं देऊळ, मग बाजार. चारला जहाज सुटतं. जहाज कुणासाठी थांबत नाही, प्लीज लक्षात ठेवा." पुढं त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, तीही निम्मी इंग्रजीत: बस देवळाच्या पुढच्या दारात सोडील आणि मग फिरून मागच्या दाराला जाऊन उभी राहील. गाईड सगळ्यांना आतून गोल फिरवून मागच्या दारानं बाहेर काढील. मला ते समजलं. आत्याबाईंना समजलं का, हे मी विचारलं नाही. सकाळपासून आम्ही बोलतच नव्हतो.

देऊळ आलं. मी काही आत जाणार नव्हते. आत्याबाई खाली उतरत होत्या तेव्हा मी यमुनाबाईंना म्हणाले, "काकू, जरा यांच्याकडं लक्ष ठेवा." यमुनाबाई म्हणाल्या, "हो हो, तुम्ही निवांत बसा." सगळ्यांनी चपला बसमध्येच ठेवल्या आणि गाईडच्या मागं रांग आत गेली. शेवटी माझ्या सासूबाईंचा हिरवा नऊवारी पदर दिसला आणि मग तोही दिसेनासा झाला. बस वळसा घालून मागच्या दाराला आली. मी खिडकीशी बसून राहिले. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी मी एकटी होते.

बऱ्याच वेळानं मंडळी बाहेर येऊ लागली. कपाळाला भस्म, हातात फुलं. एकेक जण बसमध्ये चढला, चपला शोधू लागला. यमुनाबाई आल्या. त्यांच्या मागं कोणी नव्हतं.

"आत्याबाई कुठायत?"

"अहो, माझ्या मागंच होत्या की," यमुनाबाई म्हणाल्या. "प्रदक्षिणेला लागलो तेव्हा होत्या. गर्दी फार होती. मला वाटलं पुढं निघून आल्या."

पुढं आल्या नव्हत्या. मी देवळाच्या दारासमोरच्या खिडकीशीच बसले होते, आल्या असत्या तर मला दिसल्या असत्या. त्यांच्या चपला माझ्या पायाशी होत्या. मिहिर धावत आत गेला आणि गाईड ज्या वाटेनं फिरला होता त्याच वाटेनं एक फेरा मारून आला. पुढच्या दारावरही डोकावून आला. म्हणाला, "नाहीयेत. बाजाराकडे गेल्या असतील का?"

बाजार देवळाच्या खालीच होता. आम्ही सगळे खाली उतरलो. मासळीचा वास, नारळांचे ढीग, छत्र्या, आणि प्रत्येक पाटी अशा लिपीत की एक अक्षर लागेना. मी दुकानात शिरून शिरून विचारत होते, डोक्यावर पदर घेतल्याची खूण करून दाखवत होते. लोक हसून मान हलवायचे. हो म्हणतायत की नाही म्हणतायत हेसुद्धा कळत नव्हतं. एका म्हाताऱ्या बाईला पाठमोरी पाहून मी आत्याबाई म्हणून हाक मारली, तिनं वळून पाहिलं, ती दुसरीच निघाली. फोनला रेंज नव्हती. असती तरी आत्याबाईंचा फोन जहाजावर होता, आणि ह्यांना फोन करून मी काय सांगणार होते? की तुमची आई हरवली, आणि कुठं हरवली त्या गावाचं नाव मला म्हणता येत नाही?

त्यांना मराठीशिवाय भाषा येत नाही. हिंदीतही त्या "भैय्या" आणि "कितना" यापुढं जात नाहीत. पासपोर्ट जहाजावर जमा. कार्ड गळ्यात नाही, बटव्यात. कोणाला सापडल्या तरी या बाईला कुठं पोचवायचं हे त्याला कसं कळावं?

बसपाशी परत आलो तेव्हा बायका घोळका करून उभ्या होत्या. मी जवळ गेले तशा गप्प झाल्या. यमुनाबाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "करुणाताई, राग मानू नका. पण सकाळी तुम्ही त्यांना म्हणाला होतात ना... म्हणजे त्या मनाला लावून तर गेल्या नसतील?"

तोंडानं त्या "मनाला लावून" म्हणाल्या. डोळ्यांनी त्यांनी वेगळंच विचारलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण परत गेल्यावर हेच विचारलं जाणार आहे. वैजापूरला आमच्या भावकीत, मयूर पार्कच्या गल्लीत, जाधववाडीच्या दुकानात. सासूला परदेशात नेलं आणि तिथंच सोडून आली. सोडीन म्हणाली होती, यमुनाबाईंनी कानांनी ऐकलं. आमचं पटत नाही हे तर सगळ्या तालुक्याला ठाऊक. मी जन्मभर खुलासा करत बसले तरी कोण ऐकणार होतं? ह्यांनी तरी ऐकलं असतं का? एकदा "नाही गं, तू तसं करणार नाहीस" म्हणाले असते आणि मग रात्री छताकडं बघत पडले असते.

लाज वाटते, पण पहिली भीती मला ही वाटली. आत्याबाईंची भीती तिच्यामागून आली.

मिहिर घड्याळ बघत होता. "ताई, मला या सगळ्यांना घेऊन निघावंच लागेल. बंदरावर आमचा एजंट आहे, तो पोलिसांना सांगेल. तुम्हीही चला. तुमचं जहाज सुटलं तर तुम्ही दोघी अडकाल."

"मी येत नाही," मी म्हणाले.

"ताई, ऐका..."

"मिहिर, त्यांना सोडून मी त्या बसमध्ये बसले तर मग यमुनाकाकू म्हणतात तेच खरं होईल."

यमुनाबाईंनी तोंड फिरवलं. मिहिरनं एका रिक्षावाल्याला काहीतरी समजावून माझ्यासाठी थांबवलं आणि मला बजावलं की साडेतीनच्या पुढं इथं राहायचं नाही. बस गेली. धूळ खाली बसली. हातात आत्याबाईंच्या चपला घेऊन मी मागच्या दाराशी उभी होते, आणि मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं. रडले नाही. एवढ्याचसाठी की रिक्षावाला बघत होता.

तेव्हा कुठं मी डोकं लावलं. सगळी मंडळी या दारानं बाहेर आली. म्हणजे गाभाऱ्याला पूर्ण गोल वळसा घालून आली. गाईड नेईल तसं गेली, पापपुण्याची काळजी संभाजीनगरला ठेवून. पण आत्याबाईंचं माहेर वेरूळचं. घृष्णेश्वराच्या सावलीत लहानाच्या मोठ्या झालेल्या. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची नसते, पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ते गोमुख ओलांडायचं नसतं, तिथून माघारी फिरायचं असतं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी विसरून गोमुखापलीकडं पाय टाकला होता, तर त्यांनी दंडाला धरून मला मागं ओढलं होतं. ही बाई साता समुद्रापार गेली तरी गोमुख ओलांडणार नाही. सगळे पुढं गेले आणि त्या एकट्या उलट्या फिरल्या. जिथून आत गेल्या तिथंच परत आल्या. पुढच्या दाराला.

आणि पुढच्या दाराला बस नव्हती.

मिहिरला दारावर कोणी दिसलं नव्हतं. बाजारात त्या नव्हत्या. अनवाणी म्हातारी माणसं तापल्या रस्त्यानं लांब जात नाहीत. म्हणजे त्या आतच होत्या. आणि आत जायचं तर मला जावं लागणार होतं.

मी क्षणभर थांबले. मी स्वतःला फार सुधारलेली समजते. पाळीचं हे सगळं खोटं आहे असं नणंदेला ऐकवते. पण त्या दारात पाय उचलेना. परका देव, परका गाव, त्यात आधीच काहीतरी वाईट घडलेलं. यात आणखी भर नको असं वाटत होतं. मग मी मनात म्हणाले, देवा, तुला राग आला तर माझ्यावर काढ, त्या म्हातारीवर काढू नको. माझ्या चपला काढून त्यांच्या चपलांसोबत रिक्षात ठेवल्या आणि पळतच बाहेरून वळसा घालून पुढच्या दारानं आत गेले.

आत गार होतं, फरशी ओली होती, कुठंतरी घंटा वाजत होती. मी डावीकडून प्रदक्षिणेच्या वाटेला लागले. गोमुख दिसलं. खाली दगडी पन्हाळ, दुधाचं पांढुरकं पाणी. लोक त्यावरून बिनधास्त पुढं चालले होते. मी तिथं उभी राहिले आणि मागं वळले, जशा त्या वळल्या असतील तशी. परत येताना उजव्या हाताला एक लांब पडवी लागते. पुढं जाताना ती पाठीमागं राहते, म्हणून कुणाचं तिकडं लक्ष जात नाही. पडवीत केळीच्या पानांवर पंगत नुकतीच उठलेली होती. एक बाई पानं गोळा करत होती. मी डोक्यावर पदराची खूण केली. तिनं लगेच मागच्या बाजूला बोट दाखवलं.

मागं नळ होता. नळाखाली भाताची भलीमोठी पातेली, माणूस मावेल एवढी. आणि त्यातल्या एकात जवळजवळ अर्ध्या शिरून, कासोटा घट्ट खोचून, माझ्या सासूबाई नारळाच्या शेंडीनं तळ घासत होत्या. बाजूला दोन बायका बसल्या होत्या. त्या यांना काहीतरी सांगत होत्या, या त्यांना मराठीतून उत्तर देत होत्या.

"आत्याबाई."

त्यांनी डोकं बाहेर काढलं. माझ्याकडं पाहिलं, आणि पहिली गोष्ट काय म्हणाल्या तर, "तू आत कशी आली?"

"तुम्हाला शोधायला आले." माझा आवाज चढला. "किती वेळ शोधतोय तुम्हाला. सगळा बाजार पालथा घातला. इथं काय करताय?"

"भांडी घासती."

"ते दिसतंय. पण का?"

त्या पुन्हा घासायला लागल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "म्या बाहीर आले तं गाडी नाय. तू नाय. लई येळ उभी राहिले. म्हणलं, खरं केलं हिनं."

मी वाहता नळ बंद केला.

"मंग या बायांनी हाताला धरून आत आणलं, जेवू घातलं. म्हणलं आता इथंच ऱ्हायचं तं फुकट कोण खाऊ घालील. आजच्या दिस घालत्याल, उद्याच्याला घालत्याल, परवा म्हणत्याल कोण ही. म्हणून लागले कामाला." त्यांनी मनगटानं कपाळावरचा घाम पुसला. "ही पातेली लई जड हायती. या दोघीच हायती घासायला."

काय झालं माझं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी रडून गोंधळ घातला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी उलट शिव्या दिल्या असत्या आणि आम्ही मोकळ्या झालो असतो. पण या बाईनं सत्तरी ओलांडल्यावर, अनोळखी देशात, उन्हात उभं राहून मनाशी ठरवलं होतं की सुनेनं आपल्याला टाकलं. आणि टाकलं तर टाकलं, आता पोटाचं बघायला पाहिजे. असं मानायला तिला किती थोडा वेळ लागला होता. म्हणजे ते आधीपासूनच तिच्या मनात तयार होतं.

"चला," मी म्हणाले. "जहाज सुटेल."

"एवढं एक राहिलंय."

"आत्याबाई, जहाज सुटेल."

"यांचं जेवले मी. अर्धं घासून टाकू?"

लांबून, बंदराच्या बाजूनं, भोंगा ऐकू आला. मी फरशीवर बसले, दुसरी शेंडी उचलली आणि पातेल्याच्या दुसऱ्या बाजूनं घासायला सुरुवात केली. देवळाचं भांडं, मी अशी. आता ओरडतील म्हणून वाट बघत होते. त्या ओरडल्या नाहीत. थोड्या सरकल्या आणि म्हणाल्या, "काठाला दाबून घास, तिथं करपलंय."

पातेलं पालथं घातलं तशा त्या दोघी बायकांनी आत्याबाईंच्या हातात फुलं आणि भाताची पुरचुंडी दिली. आत्याबाईंनी एकीच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मी त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर आणलं. रिक्षावाला थांबला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि रिक्षा अशी पळवली की वळणावर आम्ही दोघी एकमेकींवर पडत होतो. सरकून बसायला जागाही नव्हती.

मी सारखी पुढं बघत होते, घरांच्या मधून समुद्र दिसतो का, आणि समुद्रात जहाज दिसतं का. बराच वेळ काहीच दिसलं नाही.

"करुणा," आत्याबाई म्हणाल्या.

"हं."

"मला तुझा लई राग नाय आला."

"अहो मी गेलेच नव्हते. बस मागच्या दाराला होती. सगळे मला म्हणत होते चल, तरी मी गेले नाही."

"व्हय, कळलं. गेली नाय तू." त्यांनी मांडीवरची पुरचुंडी सरळ केली. "पर म्या तिथं उभी होते ना, तवा म्हणलं, गेली तं गेली. म्या तिच्या जागी असते तं म्या बी गेले असते."

माझ्याकडं त्यांच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर असतं. वीस वर्षांचा सराव आहे. या वेळी पहिल्यांदाच मी त्यांची बाजू घेतली.

"तुम्ही नसत्या गेल्या," मी म्हणाले.

"गेले असते." त्या ठामपणे म्हणाल्या. "माझी सासू तू पाहिली नाय."

मला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ डोळे भरून आले, आणि रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं तरी मी ते थांबवलं नाही. आत्याबाई रस्त्याकडं बघत होत्या. रिक्षा वळली आणि समोर बंदराचं फाटक दिसलं. जहाज उभं होतं. फाटकापाशी मिहिर दोन्ही हात हलवत आमच्याकडं धावत येत होता.

आम्ही उतरलो आणि पळालो. म्हणजे पळत मी होते. आत्याबाई माझा दंड घट्ट धरून मागून येत होत्या आणि सांगत होत्या, "हळू चाल, चपला घालू दे आधी."